कालचे आजोबा, आजचे आजोबा

पोरी,

तू ज्यांना सांभाळायला जातेस त्या आजोबांबद्दल परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, आजोबा तीन दिवसांत फार बिघडले. आजार वाढला बहुतेक." डॉक्टरांना दाखवायला सांगितलं मी, पण तुझं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

स्मृतिभ्रंश असा तीन दिवसांत वाढत नाही. तो महिन्या-वर्षांनी, ओल भिंतीवर चढते तसा चढतो. काल स्वतःच्या हाताने जेवणारा माणूस आज घास तोंडात धरून बसला, तर दुसरं काहीतरी झालंय असंच समजायचं. अशा अचानक आलेल्या गोंधळलेपणाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तापात बरळणाऱ्याला माझी आजी 'वात झाला' म्हणायची, ते बरंचसं हेच. स्मृतिभ्रंश असलेल्याला हा वात लवकर होतो, आणि घरच्यांना वाटतं जुनाच आजार आहे. तिथेच घोटाळा होतो.

मीही केलाय तो. माझ्याकडे सांभाळायला एक आजोबा होते, स्मृतिभ्रंश झालेले, दिवसभर येरझाऱ्या, "माझी पेन्शन कुठेय" म्हणून वीस वेळा विचारायचे. एका आठवड्यात गप्प झाले. पडून राहायचे, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटायचे. घरचे खूश, मीही खूश. वहीत लिहिलं, 'शांत झोपले, त्रास नाही.' दोन दिवस तेच लिहिलं! तिसऱ्या दिवशी डायपर बदलताना लक्षात आलं, सकाळपासून कोरडंच आहे आणि ओटीपोट टणक लागतंय. सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली साधी गोळी चालू होती. तिने लघवी तुंबली होती, वर जंतुसंसर्ग. नळी घातली, औषधं झाली, गोळी बंद झाली. पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. पेन्शनचा प्रश्न पुन्हा ऐकला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आरडाओरडा करणारा, चादर ओढणारा, भिंतीवर किडे दिसणारा वात सगळ्यांना कळतो. गप्प झोपवून ठेवणारा कुणाला कळत नाही. तो तुलाच कळायला हवा, कारण बारा तास तू तिथे असतेस, डॉक्टर पाच मिनिटं.

मग बघायचं काय? आधी लक्ष. तुझं एक वाक्य ते शेवटपर्यंत ऐकतात का, की मधेच डोळे भिरभिरतात, झापड येते? सकाळी बरे आणि दुपारी परके, असं होतंय का? स्मृतिभ्रंशातही संध्याकाळी घालमेल वाढते, पण ती रोजची, ओळखीची असते. ही अनोळखी असते. मग कारण शोधायला मदत कर: लघवी किती वेळा झाली, शौचाला किती दिवस नाही, पाणी किती प्यायले, ताप, खोकला, कुठे दुखतंय का, पडले होते का, आणि गोळ्यांत नवं काय आलं. झोपेची आणि सर्दीची गोळी आवर्जून सांग. हाताला लुळेपणा, वाकडं तोंड, जाग येतच नाही किंवा श्वास जड, असं दिसलं तर वहीबिही राहू दे, थेट दवाखाना.

वाताचं मूळ डॉक्टर शोधतील. तोवर तुझं काम छोटं पण मोठं: चष्मा आणि कानाचं यंत्र लाव, दिवसा पडदे उघड, रात्री मंद दिवा ठेव, घोटघोट पाणी दे (पूर्ण जागे आणि उठून बसलेले असतानाच), घरातलं एकच माणूस जवळ बसव. हात बांधायला कुणी सांगितलं तर नाही म्हण. बांधलं की माणूस आणखी झुंजतो, आणि दुखापत होते. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर कधीच नाही, घरच्यांनी कितीही विनवलं तरी.

रोजच्या विसराळूपणाची गोष्ट निराळी. एखाद्या आजी दिवेलागणीला "मला घरी जायचंय" म्हणाल्या की "हे तुमचंच घर आहे" असं सांगू नकोस, शंभरदा सांगितलं तरी पटत नाही. "तुमच्या घरी अंगणात काय होतं हो?" विचार. तुळस, विहीर, म्हैस येईल, आणि त्या खुर्चीत बसतील. गेलेल्या नवऱ्याची चौकशी केली तर दर वेळी मरणाची बातमी द्यायची नाही. तेवढ्यांदा त्या नव्याने विधवा होतात. काही जणी म्हणतात हे खोटं बोलणं आहे. मला नाही वाटत. आठवण काढू द्यावी, बस. आंघोळीला पहिला तांब्या पायावर, अंगावर पंचा असू दे, आणि शॉवरचा नाद नको.

लोक म्हणतात 'साठी बुद्धी नाठी'. म्हणू देत, तू मात्र त्या म्हणीच्या भरवशावर राहू नकोस.

वहीत आजपासून एक ओळ वाढव: 'कालपेक्षा वेगळं काय?' 'त्रास नाही' असं लिहू नकोस. किती वाजता उठले, किती खाल्लं, कुणाला ओळखलं, ते लिही. रात्रपाळीच्या ताईलाही तीच ओळ लिहायला सांग. आणि आजोबांच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मला कळव, कितीही वाजू देत.

तुझी,
मावशी