उबुंटूत लॅन 100 एमबीपीएसवरच अडकते, ड्रायव्हर बदलू का?
नका बदलू. तुमच्या रिअलटेक 8168 लॅन चिपसाठी लिनक्स कर्नलमध्येच (उबुंटूच्या गाभ्यातच) 'आर8169' ड्रायव्हर असतो; आकडा वेगळा दिसला तरी तोच बरोबर. नेट चालतंय म्हणजे तो लोड झालाय.

वेग लॅन कार्ड आणि राउटर आपसांत ठरवतात. 100 ला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (1000 एमबीपीएस) चारही लागतात. उरलेल्या दोनपैकी एक जोडी तुटली की गाडी 100 वर. तुमची केबल गच्चीवरून येते म्हणता. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात साधी केबल तडकू शकते. (माझी तर माकडांनी ओढली होती!)

सीपीयू राउटरजवळ नेऊन छोट्या, चांगल्या केबलने जोडा. 'इथटूल'मध्ये (लॅनचा वेग दाखवणारी कमांड) स्पीड 1000 दिसला, तर जुनी केबल बदला, आउटडोअरचीच घ्या. तरी 100 च? मग राउटरचा पोर्टच गिगाबिट नसेल, स्वस्तातल्या कित्येकांत नसतो.