डेल्फ्टला ॲडमिशन शोधू नकोस, जागा शोध

तू विचारलंस, "दादा, नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातून पाण्याच्या विषयात एम.टेक. होऊन राहिलं आहे. नेदरलँड्सला, डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ची ॲडमिशन कधी निघते, फी किती? आणि लग्न ठरलंय, तर नवऱ्याचं काय?" बजाजनगरच्या खोलीत बसून मीही हेच शोधत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तिथे ॲडमिशन निघत नाही, जागा निघते. प्रकल्पाला पैसा मिळाला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोकरीची जाहिरात येते, तीही वर्षभर कधीही. निवड झाली की तू कर्मचारी. फी नाही, उलट पगार. शिवाय ८ टक्के सुट्टीभत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरचा बोनस. मुदत चार वर्षं, पण पहिला करार दीड वर्षाचाच असतो. १५ महिन्यांच्या आत कामाचं मूल्यमापन होतं, त्यात पास झालीस तरच पुढचं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

मी पहिलं वर्ष वाया घालवलं. एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना पाठवला, एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका जाहिरातीवर दोन आठवडे बसलो. त्या गटाचे तीन पेपर वाचले आणि माझ्या प्रबंधातलं भूजलाचं मॉडेल नेमकं कुठे चुकलं ते पत्रात लिहिलं. मुलाखतीचा अर्धा वेळ त्या चुकीवरच गेला, आणि तीच जागा मिळाली. तू तर २३ सप्टेंबर २०२३ चा पूर डोळ्यांनी पाहिलास. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यावर काम केलं असशील तर पत्राची सुरुवात तिथूनच कर. सीजीपीए पत्रात खाली, नंतर येऊ दे.

त्याच गावात आयएचई डेल्फ्ट ही पाण्याचीच वेगळी संस्था आहे, १९५७ पासूनची. दोन्हींची गल्लत करू नकोस, अर्ज वेगळे असतात.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं. संशोधक म्हणून गेलीस तर नवऱ्याला तिथे नोकरी करायची मुभा मिळते, ती काळजी सोड. खरी अडचण घराची आहे. डेल्फ्टमध्ये खोली मिळवणं नोकरी मिळवण्याइतकंच जिवावर येतं, म्हणून ऑफर आली त्याच दिवशी शोध सुरू कर. खोली न बघता कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नकोस. आणि ज्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी होत नाही तो घेऊच नकोस. नोंदणीशिवाय बीएसएन, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक नाही, आणि त्याच्याशिवाय पगार-बँक सगळंच अडतं.

त्या नोंदणीला अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला जन्मदाखला लागतो. तुझा दाखला आजच काढून बघ. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर महापालिकेत आधी नाव चढवून घे, अपोस्टिल त्यानंतर.

आणि होकार देण्याआधी त्या प्राध्यापकांच्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोल. मेलवर कोणी खरं लिहीत नाही.