महाधमनीत ग्राफ्ट बसवल्यानंतरची गळती

प्रश्न : माझ्या ७३ वर्षांच्या वडिलांच्या पोटातील महाधमनीला फुगवटा आला होता. सात महिन्यांपूर्वी जांघेतून नळी घालून तेथे स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवला. परवाच्या सीटी अहवालात ‘टाइप टू एंडोलीक’ असे लिहिले आहे. फुगवट्याचा आकार मात्र पूर्वीइतकाच आहे. डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणतात, तर नातेवाईकांच्या मते शस्त्रक्रिया फसली आहे. वडिलांना मधुमेहही आहे. इतके थांबणे धोक्याचे नाही का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शस्त्रक्रिया फसली असे या अहवालावरून म्हणता येत नाही, आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितले ते निष्काळजीपणाने नव्हे. स्टेंट ग्राफ्टमुळे रक्त नव्या नळीतून वाहते आणि बाहेरच्या फुगवट्यावरचा दाब उतरतो. परंतु कमरेकडे व आतड्याकडे जाणाऱ्या ज्या बारीक धमन्या त्या फुगवट्यातूनच निघतात, त्यांतून काही वेळा रक्त उलट दिशेने आत शिरते. हीच दुसऱ्या प्रकारची गळती, म्हणजे अहवालातील ‘टाइप टू एंडोलीक’ होय. ती सर्वांत अधिक आढळते आणि पुष्कळदा आपोआप बंद होते. फुगवटा वाढू लागला, तरच ती धमनी कॉइल (धातूच्या बारीक तारेचे वेटोळे) किंवा वैद्यकीय गोंदाने बुजवण्याचा विचार होतो. ही मर्यादा काही तज्ज्ञ ५ मिलिमीटर, तर काही १० मिलिमीटर वाढीची मानतात. म्हणून गळती दिसते की नाही, एवढेच न विचारता आधीच्या आणि आताच्या मापांत किती फरक पडला, हे विचारावे.

पहिल्या व तिसऱ्या प्रकारची गळती मात्र निराळी. ग्राफ्टचे टोक धमनीला घट्ट न बसल्यास, किंवा त्याचा सांधा सुटल्यास वा कापड फाटल्यास, रक्ताचा पूर्ण दाब पुन्हा फुगवट्यावर येतो. तेथे विलंब न लावता दुरुस्ती करावी लागते.

आता प्रकृती उत्तम आहे म्हणून तपासणी टाळण्याचा आग्रह वडिलांनी धरला, तर कृपया तो मानू नका. ब्रिटनमधील ‘ईव्हीएआर १’ या अभ्यासाचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले दीर्घकालीन निष्कर्ष असे, की ग्राफ्ट बसवण्याच्या या पद्धतीचा सुरुवातीचा लाभ पुढे टिकला नाही आणि आठ वर्षांनंतर पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली राहिली. फुगवटा उशिरा फुटणे हे त्याचे प्रमुख कारण होते. तेव्हा ही देखरेख आयुष्यभराची आहे. मधुमेहामुळे मूत्रपिंडांची काळजी असेल, तर प्रत्येक वेळी रंगद्रव्य देऊन सीटी करण्याऐवजी डॉपलर सोनोग्राफी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सीटीच करायची असल्यास आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू असेल तर तसे सांगा. रक्तदाब आटोक्यात हवा, तंबाखू व धूम्रपान पूर्ण बंद हवे, आणि अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी स्वतःहून थांबवू नये.

चालताना पोटरी किंवा कुल्हा नव्याने दुखू लागला, तर ग्राफ्टची एक शाखा अरुंद झाली असण्याची शक्यता असते, लवकर दाखवावे. पाय अचानक गार व पांढरा पडला, तर मात्र तासाभराचाही विलंब नको. बरेच दिवस रेंगाळणारा ताप आणि पाठदुखी ग्राफ्टच्या जंतुसंसर्गाची असू शकते. पोटात वा पाठीत अचानक तीव्र वेदना होऊन घेरी आली, तर स्वतःच्या गाडीने न जाता १०८ ला फोन करून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात (गोमेकॉत) न्यावे, आणि ग्राफ्ट बसवला असल्याचे रुग्णवाहिकेतच सांगावे. शस्त्रक्रियेचा अहवाल व सीटीची सीडी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.