अडीच एकर, एक गाय आणि बारावी झालेली मुलगी

प्रश्न : मी पुण्यात १८ वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दापोली तालुक्यात आमची अडीच एकर वडिलोपार्जित जमीन आहे. नोकरी सोडून सर्व कुटुंबाने तिथे राहावे, आपले अन्न आपण पिकवावे आणि मिळून काम करावे असे ठरवतो आहे. मुलीला बारावी विज्ञान शाखेत ८८ टक्के गुण आहेत. तिची चार वर्षे कॉलेजात घालवण्यापेक्षा तिला थेट शेतावर नेले तर काय हरकत आहे? (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : आपले मूळ पत्र सहा पानांचे आहे आणि ते मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊन मुलीविषयीची वाक्ये मोजली. ती चार भरली. एकात तिचे गुण आहेत. दुसऱ्यात ‘तिला झाडाझुडपांची आवड आहे’ असे आहे. तिसऱ्यात ‘होमस्टेला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक, पापड-लोणची यांत ती आईच्या हाताखाली तयार होईल’ असे आहे आणि चौथे वाक्य आहे, ‘तिचा विरोध नाही.’ गोबरगॅसवर मात्र आपण दीड पान लिहिले आहे. धाकटा मुलगा नववीत आहे आणि त्याची शाळा बुडू नये म्हणून तो दहावीपर्यंत पुण्यात आत्याकडे राहणार आहे, हेही आपण ओघात लिहून गेलात. मुलाची शाळा बुडू नये याची काळजी आपल्याला आहे, मग मुलीचे कॉलेज बुडते आहे याची का नाही, एवढाच प्रश्न विचारून मला हे उत्तर संपवता आले असते.

करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे नेहमी येणारे वडील उलट्या दिशेचे असतात. मुलाला चित्रे काढायची असतात आणि वडिलांना तो इंजिनिअर व्हायला हवा असतो. त्यांना मी जे सांगतो तेच आपल्यालाही सांगावे लागणार आहे, कारण आग्रहाची दिशा बदलली तरी आग्रह तोच आहे. ‘विरोध नाही’ आणि ‘इच्छा आहे’ यांत फार अंतर असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला, ज्या घरात वडिलांनी गोठ्याचा नकाशासुद्धा काढून भिंतीला लावला आहे त्या घरात, विरोध करायला नेमकी जागा कुठे उरते, याचा आपण विचार करावा. आपल्या पत्नीचे मत तर सहा पानांत कुठेच नाही. त्या काय करणार आहेत एवढेच आहे.

‘सगळ्यांनी मिळून काम’ या शब्दांचे मला आकर्षण आहे, पण भीतीही वाटते. माझे आजोळ गुहागरजवळच्या एका वाडीत. मामांची लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही असे. तीत बैलांची पेंड, गड्यांची मजुरी, खताची पोती आणि सुताराला दिलेले भातसुद्धा तारीखवार लिहिलेले असे. मामी पाठीवर इरले घेऊन सकाळी सातला लावणीला उतरत, दुपारी एकला भिजलेल्या लुगड्यानेच घरी येऊन ओल्या लाकडांवर आठ माणसांचा भात रांधत आणि पुन्हा खाचरात जात. त्या वहीत त्यांच्या एकाही दिवसाची नोंद नाही, कारण त्या घरच्याच होत्या. पुढे गुडघ्याचे ऑपरेशन करायची वेळ आली, तेव्हा चाळीस वर्षे शेतीत राबलेल्या या बाईला मुलांकडे पैसे मागावे लागले. आपल्या योजनेत आपल्या मुलीचे स्थान मला या वहीबाहेरचे दिसते. तिच्या कामाचा मोबदला किती, तो कोणत्या खात्यात जमा होणार आणि बाविसाव्या वर्षी तिला हे नको वाटले तर ती काय घेऊन बाहेर पडणार, याविषयी आपण एक ओळही लिहिलेली नाही.

आता एका गैरसमजाकडे वळतो, कारण सगळी योजना त्यावरच उभी आहे. ‘स्वयंपूर्ण झालो की पैशाची गरज राहत नाही, आणि पैशाची गरज नसेल तर पदवी कशाला,’ असे आपण लिहिता. आपल्या चौघांना महिन्याला ३० ते ३५ किलो तांदूळ लागेल असे धरू. म्हणजे वर्षाला ४०० किलो, म्हणजे न भरडलेले सुमारे ६०० किलो भात. चांगल्या खाचरात हे अर्ध्या-पाऊण एकरात होते, इथपर्यंत आपला हिशेब बरोबर आहे. पण महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर वर्षाच्या तेलासाठी सव्वाशे किलोच्या आसपास वाळलेल्या शेंगा लागतील आणि कोकणात भुईमूग प्रामुख्याने उन्हाळी पाण्यावर येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस पडणाऱ्या या भागात फेब्रुवारी-मार्चला विहिरींचा तळ दिसतो, आणि आपल्या अडीच एकरांतला निम्मा कातळ आहे हे आपणच लिहिले आहे. शेवग्याच्या आणि पपईच्या ओळी काढताना वानरांचा आणि भाताला ओंब्या आल्यावर रानडुकरांचा विचार केलेला दिसत नाही. हापूसचे कलम धरायला पाच वर्षे तरी लागतात. एका गायीवर गोबरगॅस चालवण्याचे आपले दीड पान तर मी खेदाने बाजूला ठेवतो : एक घनमीटरच्या सर्वांत लहान संयंत्रालाही रोज २५ किलोच्या आसपास शेण लागते आणि तेवढ्यासाठी दोन-तीन जनावरे, त्यांचा चारा आणि त्यांच्यामागे रोज न चुकता राबणारा माणूस हवा. मीठ, औषधे, वीजबिल, मोबाईल, मुलाची फी आणि पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता यांपैकी काहीच शेतात उगवत नाही. अन्नापुरते स्वयंपूर्ण होणे शक्य आहे, पण त्याने रोख पैशाची गरज फक्त कमी होते. आणि ती रोकड कोण, कशी मिळवणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर असतो.

दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब जगू शकते, या श्री. अ. दाभोलकरांच्या मांडणीचा आपण आधार घेतला आहे. आधार चांगला आहे, पण तो आपल्याच विरुद्ध जातो. दाभोलकर गणिताचे अध्यापक होते. पानावर पडणारे ऊन, मुळांची वाढ, मातीचा थर यांची मोजदाद करणे आणि ती नोंदवून एकमेकांना कळवणे हेच त्यांच्या प्रयोग परिवाराचे काम होते, आणि त्यातूनच द्राक्षबागायतदारांनी आपली शेती बदलली. कमी जागेत जगण्यासाठी जास्त शिकावे लागते, असा त्याचा अर्थ होतो. मुलीचे शिक्षण थांबवण्यासाठी हे नाव वापरू नये.

जमिनीविषयी थोडक्यात. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि चुलत भावांचे हिस्से पडलेले नाहीत. वारसनोंद आणि वाटणी झाल्याशिवाय त्यावर घर बांधू नका, गोठाही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिलेला आहे. तेव्हा मिळून काम करायचे असेल, तर कागदही मिळूनच करावा.

मुलीला शेतीच शिकायची असेल, तर बीएस्सी कृषी किंवा उद्यानविद्या यांचा मार्ग एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून जातो आणि १९७२ पासूनचे कृषी विद्यापीठ नेमके आपल्याच दापोलीत आहे. पुस्तकांपेक्षा हाताचे काम तिला अधिक जवळचे वाटत असेल, तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन आणि अन्नप्रक्रिया ही सगळी कामे मुले-मुली प्रत्यक्ष करून शिकतात. मात्र ‘झाडांची आवड’ म्हणजे शेतीच असे मी धरून चालत नाही. तिला वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधनिर्माण यांपैकी काही हवे असेल, किंवा तिला इतिहास वाचायचा असेल. हे मला आपल्या पत्रावरून कळण्याचा मार्ग नाही.

माझा सल्ला आपण विचारलेल्या प्रश्नाला नाही. करिअर बदलण्याचा विचार आपला आहे, मुलीचा नव्हे, म्हणून मार्गदर्शनही आपल्यालाच करतो. नोकरी लगेच सोडू नका. येत्या मे महिन्याच्या अखेरीस बिनपगारी रजा घेऊन एकटे गावी जा, पेरणीपासून झोडणीपर्यंत राहा, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करा, भांडी स्वतः घासा आणि रोज कोणत्या कामाला किती तास लागले ते वहीत लिहा. त्यात चूल पेटवण्याचा वेळही धरा. दिवाळीला ती वही पत्नी आणि मुलगी यांच्यासमोर ठेवा आणि यातले कोणते काम त्यांना करायचे आहे हे त्यांना विचारा. त्या ‘कोणतेच नाही’ म्हणाल्या, तर आपण एकट्याने शेती करण्याला माझी मुळीच हरकत नाही. उलट वाटलेच तर कौतुकच वाटेल. फक्त त्याला कुटुंबाचा निर्णय म्हणू नका.

मुलीच्या प्रवेशाच्या तारखा दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत, म्हणून तिचे अर्ज याच आठवड्यात भरा. आणि तिला मला एक स्वतंत्र पत्र लिहू द्या. ते तिनेच पोस्टात टाकावे. टाकण्यापूर्वी आपण वाचू नये.