‘हुकूम होता म्हणून’ एवढ्यावर भागत नाही

‘दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक इतके क्रूर का झाले? हुकूम मोडला असता तर त्यांनाच गोळी घातली असती ना?’ असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न आधी घेतो, तो लवकर मिटतो. युद्धानंतरच्या शेकडो खटल्यांत आरोपींनी हाच बचाव केला. पण निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला देहदंड झाला, असं एकही पक्कं उदाहरण त्यांच्या वकिलांना देता आलं नाही.

इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी जर्मनीच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनचा अभ्यास केला. हे लष्कर नव्हे, पोलीस. बहुतेक हॅम्बुर्गकडचे मध्यमवयीन, बायकापोरं असलेले. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुव गावात बटालियनचे प्रमुख मेजर ट्राप यांनी सुमारे ५०० जणांना सांगितलं, इथल्या ज्यूंना गोळ्या घालायच्या आहेत, ज्या वयस्करांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. आधी दहा-बाराच झाले. संध्याकाळपर्यंत किमान १५०० ज्यू मारले गेले होते. ब्राउनिंग म्हणतात, भित्रा ठरण्याची लाज वाटत होती आणि घाणेरडं काम सोबत्यांवर ढकलणं बरं दिसत नव्हतं. दुसरे अभ्यासक डॅनियल गोल्डहॅगन यांनी त्याच कागदपत्रांवरून उलटा निष्कर्ष काढला: जर्मन समाजात खोलवर मुरलेला ज्यूद्वेष. मला ते एकाच कारणाला टांगून बसल्यासारखं वाटतं. अर्थात द्वेष नव्हताच, असंही ब्राउनिंग म्हणत नाहीत.

लष्कराबद्दल मात्र मला इतिहासकार ओमर बार्टोव्ह जास्त पटतात. पूर्व आघाडीवर तुकड्याच्या तुकड्या गारद होत होत्या. जुने सोबती उरलेच नव्हते. माणसं टिकली ती प्रचारावर आणि धाकावर. पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्वतःच्या ४८ सैनिकांना देहदंड दिला, दुसऱ्यात हा आकडा १५ हजारांच्या घरात गेला. पळून गेलात तर मृत्यू, पण रशियन शेतकऱ्याला मारलंत तर? १३ मे १९४१ च्या फर्मानानुसार नागरिकांवरच्या गुन्ह्यांसाठी खटला भरणं बंधनकारक नव्हतं. वरिष्ठांवरचा राग काढायला वाट मोकळी करून दिली होती, दुसरं काय!

आता युद्धकैद्यांकडे बघा. पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी जवळपास ३३ लाख मेले, बहुतेक भुकेने, थंडीने आणि रोगाने. त्याच लष्कराच्या ताब्यातले ब्रिटिश-अमेरिकन कैदी शंभरात चार-पाचही दगावले नाहीत. ‘जर्मन स्वभावच तसा’ म्हणणाऱ्यांना मी हे आकडे दाखवतो. स्वभाव आघाडीगणिक बदलतो होय?

आणि सगळं हिटलरवर ढकलूनही चालत नाही. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधल्या दिनां शहरात कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सैन्याने ६७४ नागरिक मारले. १८७० च्या फ्रान्सवरच्या स्वारीपासून लपून गोळ्या झाडणाऱ्या गावकऱ्यांची धास्ती त्यांच्या डोक्यात होती. कुठूनही गोळी सुटली, अगदी स्वतःच्याच माणसांची, की ती गावकऱ्यांनीच झाडली असं ते धरून चालत.