अंदालुशियन घोडा तापट असतो का?

प्रश्न: दोन वर्षं रायडिंग शिकतेय. अंदालुशियन (स्पेनची जात) आणि लुसितानो (पोर्तुगालची जात) हे घोडे फार आवडतात, पण कोणी म्हणतं तापट, कोणी म्हणतं गरीब. खरं काय?

उत्तर: दोन्ही पूर्ण खरं नाही. हे घोडे तापट नाहीत, तल्लख आहेत, आणि यात खूप फरक आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये शतकानुशतकं त्यांना युद्धासाठी, गुरं वळवायला आणि बैलझुंजीत बैलासमोर उभं राहायला तयार केलं गेलं, तिथे घाबरून पळणारा घोडा कामाचाच नाही, त्यामुळे धीट पण स्वाराचं ऐकणारा स्वभाव रक्तातच उतरला. लुसितानो जरा जास्त चपळ, त्याच्यावर बैलांच्या कामाचा ठसा अजून दिसतो. दोघांची वंशनोंद १९६० च्या दशकात वेगळी झाली, त्याआधी ते जवळपास एकच.

बसल्यावर पहिल्यांदा जाणवते ती पाठ. मागचे पाय पोटाखाली येतात, पुढचा भाग हलका होतो, जाड मान तुमच्यासमोर कमानीसारखी उचलली जाते, आणि लगाम ओढायच्या आधीच, तुम्ही नुसता श्वास सोडून कंबर स्थिर केली की तो थांबतो. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं!

पण एवढा संवेदनशील घोडा तुमची चूकही तितक्याच पटकन ऐकतो. टाच सारखी लागत राहिली, हात कडक राहिले तर तो गोंधळतो, आखडतो, आणि मग लोक म्हणतात तापट. तुमची बैठक अजून डळमळीत असेल तर शिकलेला, वयाने मोठा घोडा बघा, तरुण नको.