ठाण्यात राहून चित्रकार आणि कलाशिक्षक, दोन्ही होता येईल का?

बारावीनंतर एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करून ठाण्यात शिकवायचं आणि सोबत स्वतःची चित्रंही करत राहायची, हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. पण क्लासचं वेळापत्रक आधीच नीट आखलं नाही, तर पहिला बळी स्वतःच्या चित्रांचाच जातो.

एटीडी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शाळेत शिकवायला तो पुरतो, मात्र चित्रकार म्हणूनही उभं राहायचं असेल तर चार वर्षांचं बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करा. मानवाकृती आणि तैलरंग हाताखालून जायला तेवढा अवधी लागतोच. शाळेच्या पूर्णवेळ नोकरीवर सगळी भिस्त ठेवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीला, पट शंभराच्या वर असेल तरच, कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितलाय. म्हणून खरा आधार क्लासचाच धरा.

क्लास चालतो तो एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शालेय मुलांच्या शासकीय चित्रकला परीक्षांवर. दहावीला इंटरमीजिएटच्या अ श्रेणीचे ७, ब चे ५ आणि क चे ३ गुण मिळतात, त्यामुळे पालक जूनमध्येच चौकशीला येतात. परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर होते. म्हणजे क्लासची घाई नेमकी पावसाळ्यात, जेव्हा बाहेर बसून जलरंग करणं तसंही कठीण असतं. याचा फायदा घ्या: जून ते सप्टेंबर संध्याकाळच्या बॅचेस भरपूर घ्या आणि ऑक्टोबरपासून सकाळ फक्त स्वतःच्या कामाला ठेवा. तलावपाळी, उपवन, जांभळी नाक्याचा बाजार, सगळं जवळ आहे. एका बॅचमध्ये दहा-बारापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. नाहीतर वस्तुचित्रासाठी समोर ठेवलेल्या वस्तूंची मांडणी सगळ्यांना नीट दिसत नाही.

परीक्षेच्या वस्तुचित्रात हमखास चुकतं ते भांड्याचं बूड. मुलं तोंडाची लंबगोल कड काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेत कापतात, कारण भांडं टेबलावर सपाट बसलंय हे त्यांना माहीत असतं. डोळ्यांच्या पातळीच्या जितकं खाली जावं तितका लंबगोल उघडत जातो, म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोल हवी. हे फळ्यावर सांगून पटत नाही. काचेचा ग्लास अर्धा पाण्याने भरून मुलासमोर ठेवा आणि तोंड, पाण्याची पातळी, बूड हे तिन्ही लंबगोल वरून खाली काढून घ्या.

स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून प्रसंग काढायच्या चित्रात, पाठ केलेली जत्रा किंवा बसस्टॉप काढू देऊ नका. सगळ्या माणसांची उंची आणि उभं राहणं एकसारखं आलं, की पाठांतर लगेच उघडं पडतं. रोज पाच-पाच मिनिटांची चार रेखाटनं घरातल्याच माणसांची करायला सांगा: वाकलेली, ओझं उचलणारी, बसलेली. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या चित्रात, पोस्टर रंग सायीसारखा हवा. घट्ट लावला तर वाळल्यावर तडकतो, पातळ झाला तर ब्रशचे पट्टे दिसतात.

आता तुमच्या स्वतःच्या चित्रांबद्दल. जलरंगाला ३०० जीएसएमचा (जाड) कागद घ्या आणि पावसाळ्यात तो प्लॅस्टिकमध्ये बंद, भिंतीपासून लांब ठेवा. दमट हवेत कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, मरतं, मग रंग ठिकठिकाणी शोषला जाऊन डाग पडतात आणि सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) येतच नाही. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये माउंट बोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर एकाच पावसाळ्यात बुरशी धरते.

पहिलं प्रदर्शन कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात करायला हरकत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनाचा अर्जही लवकर भरून ठेवा, तिथे फार थांबावं लागतं. किंमत चित्राच्या मापावर ठरवा आणि ओळखीचा-अनोळखी सगळ्यांना तीच सांगा. विकलेल्या प्रत्येक चित्राचा फोटो, माप, माध्यम, वर्ष आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहा. पुढे मोठं प्रदर्शन भरवताना जुनी चित्रं मागून आणायला हीच वही उपयोगी पडते.